नाळेचें रक्त आणि मूलपेशींची ठेव

घरांत पाळणा हलणार अशी चाहूल लागली म्हणजे वडीलधाऱ्या बायका डिंक-अळिवाच्या लाडवांच्या तयारीस लागत, आणि बाळ जन्मास आल्यावर त्याची नाळ परसांत पुरून टाकीत. एखाद्याचें मूळ गांव सांगावयाचें असलें म्हणजे ‘त्याची नाळ तेथें पुरलेली आहे’ असें आपण आजहि म्हणतों. पूर्वीं मातींत जाणाऱ्या या नाळेस आतां निराळेंच मोल आलें आहे. सुनेचें नांव प्रसूतिगृहाच्या वहींत नोंदलें जातें न जातें तोंच नाळेंतील रक्त साठविणाऱ्या एखाद्या कंपनीचा प्रतिनिधि घरीं येऊन बसतो. ‘जन्माच्या वेळीं एकदांच मिळणारी ही ठेव आहे, तिच्यांत मूलपेशी आहेत, पुढें बाळास कोणताहि असाध्य रोग जडला तरी याच पेशी त्याचे प्राण वाचवितील,’ असें तो सांगतो आणि सुबक छापलेलें माहितीपत्रक पुढें करतो. रक्कम हजारों रुपयांची असते. परंतु खरी अडचण रकमेची नव्हे. ‘नको’ म्हणावें तर बाळाच्या जिवापेक्षां पैसा मोठा मानला असा सल मनांत राहतो. ‘बरें’ म्हणावें तर आपण नेमकें काय घेतलें हें घरांतील एकासहि नीट सांगतां येत नाहीं. सासूबाईंना वाटतें, सुनेच्या माहेरचीं माणसें काय म्हणतील. सुनेला वाटतें, उद्यां कांहीं झालें तर बोल आपल्यावर येईल. आणि या भीतीच्या पोटीं सही होऊन जाते.

या महिन्यांत आम्ही हाच प्रश्न वाचकांपुढें मांडणार आहों. त्याचें उत्तर ‘ठेवा’ किंवा ‘ठेवूं नका’ असें एका शब्दांत देतां आलें असतें. पण कारण न कळतां घेतलेला सल्ला जाहिरातीइतकाच आंधळा असतो. म्हणून मूलपेशी, ज्यांस इंग्रजींत स्टेम सेल म्हणतात, त्या म्हणजे काय, शरीरांत त्यांचें काम कोणतें, आणि त्यांच्या बळावर कोणते रोग खरोखर बरे होतात, हें आधीं पाहूं. म्हणजे उत्तर वाचकांस आपलें आपणच काढतां येईल.

मनुष्यदेहाचा आरंभ एका पेशीपासून होतो. मातेचें बीज आणि पित्याचें बीज एकत्र येऊन ती पेशी बनते. तिच्या दोन होतात, दोहोंच्या चार, चारांच्या आठ. पांचव्या दिवसाच्या सुमारास शंभरएक पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. त्याच्या बाहेरील थरापासून वारेची घडण होते, आणि आंतल्या बाजूस ज्या थोड्या पेशींचा पुंजका असतो त्यांपासून सबंध बालक घडतें. या आंतील पेशींचें वैशिष्ट्य असें, कीं त्यांतील प्रत्येकीस सर्व वाटा अजून मोकळ्या असतात. ती हृदयाची होईल, हाडाची होईल, मेंदूचीहि होईल. पुढें दिवस जातात तसतशा या वाटा एकामागून एक बंद होतात. नवल हें, कीं यकृताच्या पेशींत आणि डोळ्याच्या पेशींत आनुवंशिक लेख एकच असतो. सबंध घराची पोथी एक. पण ज्यानें त्यानें आपापला अध्याय तेवढा उघडावा आणि बाकीचीं पानें बांधून ठेवावीं, तसा हा प्रकार आहे. गर्भाची वाढ म्हणजे नुसती पेशींची संख्या वाढणें नव्हे. कोणतें पान कोणीं केव्हां उघडावयाचें आणि केव्हां मिटावयाचें, याचा तो शिस्तबद्ध क्रम होय.

परंतु सर्वच पेशी अशा रीतीनें आपल्या कामांत कायमच्या अडकल्या असत्या, तर देह फार दिवस टिकला नसता. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते; तिच्यासारख्या झिजून गेलेल्यांची जागा भरण्यासाठीं निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरांत दर सेकंदास वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार व्हाव्या लागतात. आंतड्याचें आंतील अस्तर चार-पांच दिवसांत नवें होतें. त्वचेचा वरचा थर महिन्याभराच्या सुमारास झडून पालटतो. हा पुरवठा येतो कोठून? शेतकऱ्याच्या घरीं कणगींतील सगळें धान्य दळावयाचें नसतें; कितीहि टंचाई असली तरी पुढच्या पेरणीचें बियाणें बाजूस काढलेलें असतें. शरीरानेंहि ठिकठिकाणीं असें बियाणें राखून ठेवलेलें आहे. मूलपेशी दुभंगली म्हणजे तिच्या लेकींपैकीं कांहीं पुन्हां बियाण्यांत जातात आणि कांहीं कामकरी पेशी होण्याच्या वाटेस लागतात. स्वत:चा वंश राखणें आणि दुसऱ्या जातीच्या पेशी घडविणें, हीं दोन्ही कामें जी करते तीच मूलपेशी.

येथें एक भेद पक्का ध्यानांत ठेविला पाहिजे, कारण पुढील सर्व निवाडा त्यावर अवलंबून आहे. पांचव्या दिवसाच्या गर्भपेशींस सर्व वाटा मोकळ्या असतात. जन्मल्यानंतर शरीरांत उरणाऱ्या मूलपेशींस तशा नसतात. मज्जेंतील मूलपेशी रक्त घडविते, त्वचेंतील मूलपेशी त्वचा, आंतड्यांतील मूलपेशी आंतड्याचें अस्तर. हायड्रा नांवाच्या इवल्याशा जलचरास निसर्गानें याहून मोठें दान दिलें आहे. अब्राहम ट्रेंब्ली हे हॉलंडांत हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचे शिक्षक होते. त्यांनीं १७४० मध्यें या हायड्राचे तुकडे केले, तों प्रत्येक तुकड्यापासून सबंध हायड्रा तयार झाला, आणि १७४४ मध्यें त्यांनीं ही हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत याच हायड्राचा पुष्कळ वर्षें अभ्यास झालेला आहे. भिंतीवरची पाल त्यामानानें दरिद्री. तिची तुटलेली शेपटी पुन्हां येते, पण तींत मणक्यांऐवजीं कूर्चेची कांडी असते, आणि तुटलेला पाय तिला परत येत नाहीं. मनुष्य तर याहून कृपण. त्याच्या देहानें भरून काढण्याची शक्ति वांटून दिली आहे, आणि ज्याला जो वांटा मिळाला त्यापलीकडे तो सहसा जात नाहीं. नाळेच्या रक्तांत ज्या मूलपेशी विपुल असतात त्या रक्त घडविणाऱ्या आहेत. त्या बाळाच्या असल्या तरी पांचव्या दिवसाच्या नव्हेत. त्यांच्याहि पुष्कळशा वाटा तोंवर बंद झालेल्या असतात.

रक्ताच्या मूलपेशींचा प्रत्यक्ष पुरावा कॅनडांतील टोरांटो शहरीं मिळाला. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनीं उंदरांवर किरणांचा मारा करून त्यांची मज्जा निकामी केली आणि त्यांस दुसऱ्या उंदरांची मज्जा टोंचली. दहाएक दिवसांनीं त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गांठी उठलेल्या दिसल्या. जितकी मज्जा अधिक, तितक्या गांठी अधिक. सुमारें दहा हजार पेशींमागें एक गांठ. १९६१ मध्यें त्यांनीं हें प्रसिद्ध केलें, आणि पुढें १९६३ मध्यें एक गांठ म्हणजे एकाच पेशीची संतति, असेंहि सिद्ध झालें. दहा हजारांत एखादीच अशी, कीं जी सबंध रक्ताचें घराणें उभें करूं शकते!

या ज्ञानाचा उपयोग रोग्यांस व्हावा म्हणून आधींपासूनच खटपट चालली होती. अमेरिकेंतील डॉ. डॉनल टॉमस यांनीं १९५७ मध्यें सहा रोग्यांस दुसऱ्यांची मज्जा दिल्याचें लिहिलें आहे; त्यांपैकीं एकहि फार काळ जगला नाहीं. त्यानंतरचीं कित्येक वर्षें अपयशाचींच गेलीं, आणि अनेकांनीं हा नाद सोडून दिला. कारण असें, कीं प्रत्येकाच्या पेशींवर आपपर ओळखण्याच्या खुणा असतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. या खुणा जुळल्या नाहींत तर रोग्याचें शरीर परकी मज्जा नाकारतें, किंवा उलट ती परकी मज्जाच रोग्याच्या देहावर उठते. सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याचा संभव चारांत एक असतो. हें कोडें उलगडल्यावर १९६८ पासून भावंडांची मज्जा देऊन मुलें वांचूं लागलीं, आणि डॉ. टॉमस यांस १९९० मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं १९८३ मध्यें रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीस तिच्या भावाची मज्जा दिली. भारतांतील यशस्वी मज्जा-प्रत्यारोपणाचा तो आरंभ मानला जातो. डॉ. अडवाणी स्वत: लहानपणच्या पोलिओमुळें चाकांच्या खुर्चींतून रुग्णालयांत वावरत, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच.

आतां नाळेकडे वळूं. १९८८ मध्यें पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयांत डॉ. एलियान ग्लुकमन यांनीं रक्ताचा एक आनुवंशिक विकार असलेल्या लहान मुलास नाळेंतील रक्त दिलें, आणि तो बरा झाला. जगांतील हा असा पहिला उपचार. माहितीपत्रकांतून या घटनेचा उल्लेख अभिमानानें येतो, आणि तो यथार्थच आहे. पण त्या वाक्यांतील एक शब्द वाचणाऱ्याच्या नजरेंतून निसटतो. तें रक्त त्या मुलाचें स्वत:चें नव्हतें. तें त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचें होतें. तिला तो विकार नाहीं आणि तिच्या खुणा भावाशीं जुळतात, हें ती गर्भांत असतांनाच तपासून पाहिलेलें होतें. भाऊ वांचला तो बहिणीच्या ठेवीवर. स्वत:च्या ठेवीवर तो वांचला नसता, कारण त्याच्या स्वत:च्या नाळेंतहि तोच दोष होता.

सगळ्या प्रश्नाची किल्ली येथें आहे. थॅलॅसीमियाचें उदाहरण घ्या. आईबाप दोघेहि या दोषाचे वाहक असले तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक. मग त्या बाळास वारंवार परकें रक्त घ्यावें लागतें. त्याच्या जन्मवेळीं साठविलेलें रक्त त्याला देऊन काय होणार? जें बियाणें किडकें म्हणून पीक गेलें, तेंच पुन्हां पेरावें, असा तो प्रकार. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांतहि कित्येकदां रोगाचें पहिलें बीज जन्मापूर्वींच रक्तांत पडलेलें असतें. शिवाय दुसऱ्याच्या निरोगी पेशी उरल्यासुरल्या कर्कपेशींवर जो हल्ला चढवितात, तो स्वत:च्या पेशी चढवीत नाहींत. माहितीपत्रकांत जी ऐंशी रोगांची लांबलचक यादी असते, तींतील बहुतेक रोग रक्ताचे किंवा आनुवंशिक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांस दुसऱ्याच्याच पेशी लागतात. यादी खोटी नसते. ती स्वत:च्या ठेवीची यादी नसते, इतकेंच. शिवाय एका नाळेंतून रक्त मिळतें तें शंभर मिलिलिटरच्या आसपास. लहान मुलास तें पुरेल, पण धडधाकट वाढलेल्या माणसास बहुधा अपुरें पडतें.

हें केवळ आमचें मत नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ मध्यें मूलपेशींविषयीं जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत पुढें स्वत:साठीं उपयोग व्हावा म्हणून नाळेचें रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाहीं असें म्हटलें आहे. अपवाद एकच लक्षांत ठेवावा. घरांत एखाद्या मुलास थॅलॅसीमियासारखा प्रत्यारोपणानें बरा होणारा विकार आधींच असेल, तर पुढच्या बाळाच्या नाळेचें रक्त जरूर राखावें; पण तें त्या मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें, जाहिरातीच्या नव्हे. अलीकडे कांहीं संस्था अनेक कुटुंबांच्या ठेवी सामाईक करून ज्याला जी जुळेल ती देण्याची योजना सांगतात. दुसऱ्याच्या पेशी लागतात हें तत्त्व त्या योजनेनें मान्य केलें आहे, एवढें खरें. तरी तींत किती ठेवी आहेत, आजवर किती रोग्यांस त्यांचा उपयोग झाला, आणि पैसे न भरलेल्यांसाठीं दार उघडें आहे कीं नाहीं, हें लेखी विचारल्यावांचून सही करूं नये.

कोणी म्हणेल, ‘आज उपयोग नसेल, पण विज्ञान पुढें जात आहे. वीस वर्षांनीं या रक्तापासून हृदय, मेंदू, काय वाटेल तें बनवितां येईल. मग पश्चात्ताप कां ओढवून घ्या?’ या आक्षेपास उत्तर विज्ञानानेंच दिलें आहे. इंग्लंडांतील जॉन गर्डन यांच्याविषयीं १९४९ मध्यें त्यांच्या शाळेंतील शिक्षकांनीं असा शेरा दिला होता, कीं या मुलानें वैज्ञानिक होण्याची कल्पना हास्यास्पद आहे. त्याच गर्डन यांनीं १९६२ मध्यें बेडकाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक काढून तें केंद्रकहीन अंड्यांत घातलें, आणि त्यांतून बेडकाचीं पिलें वाढलीं. मिटलेलीं पानें फाटलेलीं नसतात, तीं पुन्हां उघडतां येतात, हें त्यांनीं दाखविलें. पुढें जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनीं चोवीस जनुकें निवडून त्यांतील कोणतीं आवश्यक हें चिकाटीनें चाळून पाहिलें, आणि केवळ चार जनुकांच्या साहाय्यानें २००६ मध्यें उंदराच्या व २००७ मध्यें मनुष्याच्या त्वचेंतील साध्या पेशी जवळजवळ पांचव्या दिवसाच्या गर्भपेशींसारख्या करून दाखविल्या. २०१२ मध्यें या दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. याचा अर्थ काय? विज्ञान पुढें गेलें तर तें प्रौढ माणसाच्या त्वचेपासून किंवा थेंबभर रक्तापासून कामास सुरुवात करील. तें बियाणें प्रत्येकाजवळ आमरण असतेंच. त्यासाठीं जन्मदिवशींची कुपी गोठवून ठेवण्याची गरज राहत नाहीं.

मग स्वत:च्या मूलपेशी कधींच उपयोगीं पडत नाहींत काय? पडतात. दोष वंशाचा नसून अपघाताचा असेल तेव्हां पडतात. डोळ्याचें उदाहरण पाहा. बुबुळावरील पारदर्शक पटल स्वच्छ राखणाऱ्या मूलपेशी काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर कड्यासारख्या वसलेल्या असतात. तेथें चुना किंवा तेजाब उडून त्या जळाल्या म्हणजे पटलावर पांढरा पडदा चढतो आणि दृष्टि जाते. एक डोळा शाबूत असेल, तर त्याच्या कडेचा अगदीं इवलासा तुकडा काढून, त्याचे बारीक कण करून जळालेल्या डोळ्यावर बसवितां येतात. कांहीं आठवड्यांत ते वाढून पटल झांकतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांचे सहकारी यांनीं ही सोपी व कमी खर्चाची रीत २०१२ मध्यें प्रसिद्ध केली. हे कण बसविण्यासाठीं खालीं जें पातळ आवरण अंथरतात, तें प्रसूतीनंतर दान मिळालेल्या वारेवरचें असतें. फेंकून देण्याच्या वस्तूचा असा सदुपयोग आहे. जातां जातां गृहिणींस एक विनंती. पान-तंबाखूच्या चुन्याच्या लहान पुड्या खेळतांना फुटून मुलांच्या डोळ्यांत गेल्याचे प्रकार आपल्या देशांत वारंवार घडतात. त्या मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. आणि चुना उडालाच तर दुसरें कांहीं न करितां डोळा वाहत्या स्वच्छ पाण्यानें अर्धा तास धुवावा व लगेच दवाखाना गांठावा.

तेव्हां कोणी मूलपेशींचें नांव घेतलें कीं पहिला प्रश्न हाच विचारावा: दोष वंशाचा कीं अपघाताचा? दुसरा प्रश्न: या पेशी जो अवयव बरा करणार म्हणतां, तो घडविण्याचें काम मूळचें त्यांचें आहे काय? हे दोन प्रश्न न विचारल्याची किंमत कधीं कधीं भयंकर पडते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत वार्धक्यामुळें नजर मंद झालेल्या तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटावरील चरबींतून काढलेल्या पेशी पैसे घेऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशीं टोंचण्यांत आल्या, आणि जी थोडी दृष्टि उरली होती तीहि बव्हंशीं गेली. २०१७ मध्यें ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. आपल्याकडेहि स्वमग्न मुलांच्या आणि मेंदूच्या पक्षाघातानें जखडलेल्या मुलांच्या आईबापांस अशाच उपचारांची आशा लावली जाते. ज्या आईनें दहा वर्षें मुलाच्या एका शब्दाची वाट पाहिली, ती दागिने मोडून पैसे उभे करील यांत नवल नाहीं, आणि तिला दोष देण्याचा अधिकारहि कोणास नाहीं. पण तिला सांगितलें पाहिजे, कीं वरील मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें रक्ताच्या ठराविक विकारांवरील प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. ज्याचा पुरावा अद्यापि जमलेला नाहीं असा मूलपेशींचा वापर रीतसर नोंदलेल्या प्रयोगांतच व्हावयास हवा. ज्या ‘प्रयोगा’ची फी रोग्याकडून घेतली जाते, त्याविषयीं संशय धरणें हेंच शहाणपणाचें.

एवढें सांगितल्यावर आम्ही या शास्त्राविषयीं निराशा पसरवीत आहों असें कोणास वाटूं नये. ज्या मधुमेहांत शरीर आपल्याच इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करतें, बहुधा लहानपणीं जडणारा तो प्रकार घ्या. गर्भपेशींच्या वंशापासून प्रयोगशाळेंत तशा पेशी घडवून त्या रोग्यांस दिल्याचा वृत्तांत २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकीं दहांस वर्षानंतर इन्सुलिन टोंचून घेण्याची गरज उरली नव्हती. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यांस परक्या पेशी टिकाव्या म्हणून प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें घ्यावीं लागतात. आणि उतारवयांत घरोघर आढळणारा मधुमेह तो हा नव्हे. खरी प्रगति अशीच असते. ती आपल्या मर्यादा आपणच सांगते.

मग सुज्ञ कुटुंबानें करावें काय? आमच्या मतें मुलाच्या भविष्यासाठीं जी ठेव ठेवावयाची ती निराळ्या ठिकाणीं आहे. ज्या रोग्यास घरांत जुळणारें भावंड मिळत नाहीं, त्याला अनोळखी दात्याकडे पाहावें लागतें. ओळखीच्या खुणा वंशपरंपरेनें येत असल्यामुळें तो दाता बहुधा आपल्याच देशांतील, आपल्यासारख्याच पूर्वजांचा सांपडतो. आणि भारतीय दात्यांची नोंद आपल्या लोकसंख्येच्या मानानें फारच थोडी आहे. परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांसहि हीच अडचण पडते. भारतांत दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. गालाच्या आंतून कापसाच्या काडीनें नमुना दिला कीं नांव नोंदलें जातें. पुढें कधीं खुणा जुळल्या, तर कांहीं दिवस इंजेक्शनें घेऊन मग यंत्राच्या साहाय्यानें, रक्तदानाप्रमाणेंच हाताच्या शिरेंतून, मूलपेशी काढून घेतात. हाड कापावें लागत नाहीं, आणि दिलेल्या पेशी शरीर थोड्याच काळांत भरून काढतें. एकत्र कुटुंबांतील चार तरुण मुलामुलींनीं नांवें नोंदविलीं, तर गोठविलेल्या कुपीपेक्षां कितीतरी अधिक उपयोगी ठेव त्या घरानें समाजांत ठेविली असें होईल. आणि वेळ आली तर आपल्या बाळालाहि अशाच कोणा अनोळखी घराची ठेव उपयोगीं पडेल. तसेंच लग्न जुळवितांना पत्रिकेबरोबर थॅलॅसीमियाची साधी रक्ततपासणी झाली, तर पुष्कळ घरांचें दु:ख मुळांतच टळेल.

आणि नाळेंतील त्या रक्ताचें काय? तें ज्याचें आहे त्याला द्यावें. मूल जन्मतांक्षणींच नाळ न बांधतां निदान एक मिनिट थांबावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळांत वारेंतील बरेंचसें रक्त बाळाच्या अंगांत उतरतें, आणि पुढील कित्येक महिन्यांस पुरणारें लोह त्याला मिळतें. बाळास तांतडीच्या उपचारांची गरज असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हां डॉक्टर म्हणतील तेंच प्रमाण. एरवीं मात्र बाळंतपणाआधींच्या एखाद्या भेटींत प्रसूतितज्ज्ञांपाशीं हा विषय काढून, नाळ बांधण्याची घाई करूं नये अशी आपली इच्छा त्यांस सुनेनें स्वत:, आणि सासूबाईंनीं तिच्या शेजारीं बसून, सांगून ठेवावी.